अर्धा ठोका आधी

मामांचं खरं नाव स्टुडिओच्या हजेरीपुस्तकाबाहेर कुठेच उरलं नव्हतं. सख्खा भाचा एकच. पण त्याच्या बँडमधली मंडळी त्यांना मामा म्हणू लागली, त्यांचं ऐकून फाटकावरचा वॉचमन म्हणू लागला आणि शेवटी रेकॉर्ड कंपनीचे साहेबसुद्धा. "अहो, जगाचे मामा झालात," मामी म्हणायच्या, "आता जगाने तुम्हाला मामा बनवू नये म्हणजे मिळवली."

स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं बर्फाचं कोठार. हातभर जाडीच्या भिंती, आतून बुचाचं अस्तर, एकही खिडकी नाही. बर्फ जाऊन किती वर्षं लोटली, तरी फरशी पायांना गार लागायची. मोठी खोली तीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद. तिच्या एका टोकाला काच, आणि काचेमागे मामांची खोली: समोर मिक्सर, उजव्या हाताला टेपची दोन यंत्रं, मागे रिळांची कपाटं. गळ्यात स्टॉपवॉच, कानामागे पेन्सिल, अशा थाटात मामा तिथे चौतीस वर्षं बसत आले होते. कोणाचा सूर घसरला की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा. वादक काचेतून त्या डोळ्याकडे बघत बघतच वाजवायचे.

रेकॉर्ड होताना जे नको ते शिरतंच. कोणाचं खोकणं, खुर्चीचं करकरणं, गिटारच्या लाकडावर आपटलेली अंगठी. ते शोधून काढून टाकणं हा मामांच्या कामाचा अर्धा भाग होता आणि त्यांच्या अभिमानाचा मात्र पूर्ण. त्यांच्या हाताखालून गेलेली टेप म्हणजे धुतलेला तांदूळ, असं सगळे म्हणत. मामाही नाही म्हणत नसत.

भाच्याला सगळे ठोक्या म्हणायचे. त्याची आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, घरी कपडे शिवायची. नवरा लवकर गेलेला. पायाच्या मशीनवर ती शिवत असे आणि शेजारी बसून हा डब्यांच्या झाकणांवर चमच्यांनी तिच्याबरोबर वाजवत असे. "माझ्या मशीनवर वाढलाय तो," ताई सांगायची. "सरळ शिलाई आली की माझा पाय पळतो, तसा ह्याचाही हात पळतो. कोपरा आला की मी थांबते, हाही थांबतो." बोलण्यात मुलगा अगदीच कंजूष. जेवलास? हं. पाऊस आहे, छत्री घेतलीस? हं. ताई म्हणायची, "देवाने ह्याला एकच शब्द दिलाय आणि तोही अर्धा."

पुढे झाकणांचे ड्रम झाले आणि ड्रमभोवती बँड झाला. घोगऱ्या आवाजाचा एक गायक, त्याला घोगऱ्याच म्हणत. सहा फूट तीन इंच उंचीचा गिटारवाला लंबू. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात पियानो वाजवणारी एक मुलगी, तिला सगळे टीचर म्हणत. आणि ठोक्या. सहा वर्षं हॉटेलांतून आणि कॉलेजांतून रॉक वाजवल्यावर कंपनीने त्यांना एक पूर्ण रेकॉर्ड करायला दिली. आठ गाणी, दोन बाजू. ठोक्याने ती बातमी घरी कशी सांगितली? ताईने विचारलं, "दिली का रे कंपनीने?" तो म्हणाला, "हं."

पहिल्याच सकाळी मामा-भाच्यांचं वाजलं. मामांची पद्धत अशी की प्रत्येक वादकाभोवती घोंगड्या ठोकलेल्या उंच फळ्या उभ्या करायच्या. म्हणजे प्रत्येकाचा आवाज ज्याच्या त्याच्या मायकात राहतो. टेपवर सोळा ट्रॅक. ड्रमचे चार, पियानोचे दोन, असे ज्याचे त्याला नेमून दिलेले.

"मामा, ह्या फळ्या काढ," ठोक्या म्हणाला.

"गळती होईल."

"छत गळतंय का?"

"अरे गाढवा, तुझा ड्रम टीचरच्या मायकात शिरेल. तिचा पियानो घोगऱ्याच्या मायकात. उद्या एकाचं चुकलं तर त्याचं एकट्याचं पुसता यायचं नाही. ताटात कालवलेलं परत वेगळं करता येतं का?"

"म्हणून तर कालवायचं, मामा. आम्हाला एकमेकांची तोंडं दिसू देत."

ठोक्या एका दमात एवढं बोलला, याचंच मामांना इतकं नवल वाटलं की त्यांनी फळ्या काढल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. ड्रम पियानोपासून आठ फुटांवर मांडले. पियानोचं झाकण उघडं, आत मायक. ठोक्याने समोरच्या स्नेअर ड्रमवर एक थाप मारली, तर पियानोच्या तारा आपोआप गुणगुणल्या. टीचर हसली. मामांचा डावा डोळा मिटला.

नऊ दिवसांत आठही गाणी झाली. सहाव्या नंबरचं गाणं सगळ्यांत संथ. त्यात दुसऱ्या कडव्यानंतर सगळे एकदम थांबतात, चार मात्रांची पूर्ण शांतता, आणि मग सगळे पुन्हा एकदम येतात. त्या शांततेत ठोक्या मान वर करून तिघांकडे बघायचा, "हं" म्हणायचा आणि चौघं एका अंगाने गाण्यावर पडायचे. अंगावर काटा यायचा. मामांच्याही आला. पण तो त्यांनी नोंदींच्या तक्त्यावर लिहिला नाही. लिहिलं ते एवढंच: 'दुसऱ्या कडव्यात लय चढते. शांततेनंतर अर्धा ठोका लवकर.'

दहाव्या दिवशी दुपारी साहेब ऐकायला आले. हेडफोन लावून आठही गाणी ऐकली आणि एकट्या मामांना विचारलं, "मामा, ड्रमरचं काय? मला तो कुठेतरी धावतोय असं वाटतं. तुमचा कान काय म्हणतो?"

इथे मामांना गप्प बसता आलं असतं. 'पुन्हा एकदा ऐकून सांगतो,' असंही म्हणता आलं असतं. पण भाचा म्हणून आपण पांघरूण घातलं असं साहेबांना वाटलं तर? चौतीस वर्षांच्या कानाला बट्टा लागला तर? त्यांनी स्टॉपवॉच उचललं, तक्ता पुढे सरकवला आणि म्हणाले, "धावतो. दुसऱ्या कडव्यात प्रत्येक वेळी. मोजलंय मी."

"मग दुसरा बघू," साहेब म्हणाले. तेवढं सोपं होतं ते.

बँडला सांगताना साहेबांनी मामांचं नाव घेतलं नाही. कंपनीचा निर्णय आहे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ठोक्या ड्रम न्यायला आला. झांजांचे स्टँड मिटत असताना त्याने काचेकडे न बघता विचारलं, "मामा, तुला विचारलं होतं का त्यांनी?"

"मला कोण विचारतंय? साहेबांचं काम साहेब जाणोत."

"हं," ठोक्या म्हणाला.

मामांनी आयुष्यात त्याचे हजारो 'हं' ऐकले होते. या एका 'हं'चा अर्थ त्यांना लागला नाही, किंवा लागला आणि त्यांनी तो लावून घेतला नाही.

तो गेल्यावर मामांनी शिस्तीप्रमाणे ड्रमचे चारही ट्रॅक पुसले. नवा माणूस कोऱ्या पाटीवर वाजवेल, मागचं काही कानात येणार नाही, असा हिशेब. पुसायला काही कौशल्य लागत नाही, फक्त वेळ लागतो. लाल बटण दाबायचं आणि जेवढी गाणी तेवढा वेळ टेप फिरू द्यायची. एक्केचाळीस मिनिटं मामा खुर्चीत बसून राहिले आणि मिक्सरवरच्या आवाज दाखवणाऱ्या चार सुया हळूहळू खाली येऊन आडव्या पडताना बघत राहिले. रेकॉर्ड निघेपर्यंत एकही कॉपी स्टुडिओबाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम मामांचाच. त्यामुळे ते एकदा पुसलं की संपलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी ठोक्या दुसऱ्या एका बँडच्या ड्रमरऐवजी वाजवायला परगावी निघाला होता. वळणावर टेम्पो उलटला. बाकीच्यांना खरचटलं. ठोक्या मागे ड्रमजवळ बसला होता.

दिवसकार्य झाल्यावर ताईने मामांना एकच गोष्ट विचारली. ती मशीनजवळच्या स्टुलावर बसली होती. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही तशीच होती. "तुझ्याकडे त्याचं काही उरलंय का रे? त्या टेपांवर? नवा माणूस घेणार आहेत हे मला माहीत आहे. पण आधीचं तू ठेवलं असशील ना? तू तर सगळं जपून ठेवतोस."

मामा म्हणाले, "बघतो."

मामी दारात चपला घालत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. नवऱ्याने त्यांच्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. रस्त्याला लागल्यावर त्या म्हणाल्या, "बघतो काय? काय बघणार आहात?"

"मग काय सांगू तिला?"

"खरं सांगा. लोकांच्या आवाजातली कुसळं काढता ना? मग स्वतःच्या घशातलं मुसळ काढा."

मामांनी काढलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांना ड्रम ऐकू येऊ लागले.

पहिल्यांदा ऐकू आले ते भरदुपारी. स्टुडिओत कोणी नव्हतं. सहा नंबरचं गाणं यंत्रावर लावून मामा गायकाचा आवाज तपासत होते. ड्रमचे चार ट्रॅक बंद; तसेही पुसलेलेच. आणि मोठ्या खोलीतून, काचेच्या पलीकडून, कोणीतरी वाजवावं तसा बारीक ठोका आला. मामा उठून खोलीत गेले. ड्रमच्या जागी फरशीवर चार खुणेच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, तेवढ्याच. खुंटीवर एक हेडफोन लोंबत होता. ते परत आले, टेप थांबवली. ठोका थांबला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी टेप सुरू करायला त्यांचा हात धजेना. बटणावर बोट ठेवून ते नुसते बसले. भूत-खेत मानणाऱ्यांतले ते नव्हते; पण चौतीस वर्षं ज्या कानांवर संसार चालवला ते कान जर जे नाही ते ऐकवायला लागले, तर माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा? घरी जेवताना मामींनी वाटीवर चमचा आपटला तर ते दचकले.

"कान दाखवून घ्या," मामी म्हणाल्या.

"कान चांगले आहेत."

"मग कानात कोण बसलंय ते तरी सांगून टाका त्याच्या आईला."

महिनाभराने नवा ड्रमर आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, अत्यंत सज्जन माणूस. त्याला धंद्यात घड्याळजी म्हणत, कारण त्याची लय सेकंदाच्या काट्याला लाजवेल अशी. त्याने येऊन मामांना वाकून नमस्कार केला, ड्रम मांडले आणि म्हणाला, "वाईट वाटतं हो दुसऱ्याच्या जागेवर बसायला. पण कोणीतरी बसायला हवंच."

बँडमधले तिघं भिंतीशी खुर्च्या टाकून बसले. जागा रिकामी ठेवल्यासारख्या चार खुर्च्या होत्या. चौथीवर कोणी बसलं नाही.

घड्याळजीने कानांना हेडफोन लावले आणि जुन्या वाजवण्यावर ड्रम वाजवायला सुरुवात केली. पहिल्या गाण्यात जमेना. दुसऱ्यात जमेना. सहाव्यात तर तो त्या शांततेनंतर दरवेळी उशिरा पडायचा. पाच वेळा केलं. पाचही वेळा तिघांचा जुना आवाज आधी आणि याचा ठोका मागून, दार लागल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.

"मामा," घड्याळजी घाम पुसत म्हणाला, "माझं चुकत नाहीये."

"माहीत आहे. मी मोजतोय."

"मग चुकतंय कोण? हे तिघं तर एकदम येताहेत. कोणाच्या इशाऱ्यावर येताहेत?" तो थांबला. "जरा मला नुसता पियानो द्या. बाकी सगळं बंद करा. आवाज वाढवा."

मामांनी वाढवला. घड्याळजीने डोळे मिटले. मग हळूच उघडले.

"अहो, ह्यात कोणीतरी वाजवतंय."

मामांनी पियानोचा ट्रॅक मोठ्या कर्ण्यांवर सोडला. पियानोच्या सुरांमागे, खूप मागे, विहिरीच्या तळाशी असावा तसा ड्रम चालला होता. पियानोच्या तारा त्याच्याबरोबर थरथरत होत्या. आठ फुटांवरून शिरलेली गळती. मामांनी ठोक्याचे चार ट्रॅक पुसले होते. पण टीचरच्या पियानोत, घोगऱ्याच्या गळ्यात, लंबूच्या गिटारमध्ये तो बसलेलाच होता, आणि तिथून त्याला पुसायचं तर त्या तिघांनाही पुसावं लागणार होतं.

मग शांतता आली. आणि त्या शांततेत अगदी स्पष्ट: "हं."

टीचरने दोन्ही हात तोंडावर घेतले. लंबू उभा राहिला. "बंद करा ते," तो म्हणाला. "मामा, बंद करा आधी."

मामांनी बंद केलं. पण मनात कुठेतरी पहिल्यांदा हलकं वाटलं. कान खोटं बोलत नव्हते; त्या दुपारी आलेला ठोका ह्याच टेपवरचा होता.

साहेबांना मात्र हे पटण्यासारखं नव्हतं. "मागे ते मुंग्यांसारखं काय चाललंय ते काढून टाका," ते म्हणाले. काढायचा एकच उपाय होता: सगळं नव्याने करायचं. फळ्या परत आल्या. प्रत्येक जण आपापल्या घोंगडीच्या खोक्यात बसला, कानात टिकटिक लावली आणि सहा नंबरचं गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं. कुठे धावणं नाही, कुठे गळती नाही. चार मात्रांची शांतता बरोबर चार मात्रांची.

ऐकून झाल्यावर घोगऱ्याने कानांवरचे हेडफोन काढले. मग म्हणाला, "स्वच्छ आहे. हॉस्पिटलसारखं."

"हॉस्पिटलात निदान कोणीतरी कण्हतं तरी," लंबू म्हणाला.

साहेब मामांकडे वळले. "मामा, तुमचं मत?"

तोच प्रश्न, तीच खोली, तीच वेळ. फरक एवढाच की या वेळी मामांनी तयारी केली होती. चार दिवस ते जुनी टेप लावून बसले होते. गळ्यातलं स्टॉपवॉच घेऊन त्यांनी आधी नुसता पियानो मोजला, मग नुसती गिटार, मग नुसता गाणाऱ्याचा आवाज. ठोक्यापुरतं जे मोजलं होतं ते सगळ्यांचं मोजलं. मागच्या वेळी तेवढंच राहून गेलं होतं. त्यांनी तक्ता काढला.

"साहेब, दुसऱ्या कडव्यात पियानो धावतो. गिटार धावते. गाणारा धावतो. तेवढंच, त्याच ठिकाणी. चौघं मिळून धावले होते. मी एकट्यालाच पकडला." ते थांबले. काचेपलीकडची तिघं आता त्यांच्याकडे बघत होती. मिक्सरवरचं बोलायचं बटण दाबलेलं आहे आणि आपला शब्द न् शब्द पलीकडे जातोय, हे मामांना ठाऊक होतं. ते त्यांनीच दाबलं होतं. "तो धावतो हे तुम्हाला मी सांगितलं. माझं सांगणं चूक होतं. ते धावणं नव्हतं. ते गाणंच तसं होतं."

लंबू उठला, दार उघडून बाहेर गेला. ते जड दार हळूहळू आपोआप लागलं. मामांना वाटलं, आता हा परत येत नाही. पाच-सात मिनिटांनी तो परत आला. डोळे लाल होते. तो मामांकडे न बघता म्हणाला, "फळ्या काढा."

फळ्या काढल्या. जुनी टेप परत यंत्रावर चढली. घड्याळजीने हेडफोनमध्ये पियानो मोठा करून घेतला आणि आठ दिवस तो फक्त ऐकत बसला. मग वाजवायला लागला. जिथे तो धावे तिथे हा धावे. "वीस वर्षांची सवय मोडतोय मामा," तो म्हणाला. "बायको म्हणते, घरात जिने उतरतानासुद्धा धडपडता हल्ली." सात गाणी झाली. सहाव्या गाण्याला त्याने शांततेपर्यंत वाजवलं आणि पुढे स्टिक्स मांडीवर ठेवून दिल्या.

"पुढे?" मामांनी विचारलं.

"पुढे माझी गरज नाही. वाजवतोय तो."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण तेव्हा वाद घालायला त्यांच्या बाजूने कोणीच उरलं नव्हतं. कव्हरवर सहाव्या गाण्यापुढे दोन ड्रमरांची नावं आली. आधी ठोक्याचं. ते घड्याळजीने घालायला लावलं.

रेकॉर्ड एका मंगळवारी निघाली. मोठा गाजावाजा झाला नाही. बाजारातल्या दुकानाने दोन कव्हरं काचेत लावली. मामा सकाळी तिथून दोनदा गेले. दुपारी मामींना म्हणाले, "ताईकडे जाऊन येतो."

"मीही येते," मामी म्हणाल्या. "आज तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. आधीच सांगून ठेवते."

ताई मशीनवर होती. दहा महिन्यांत तिने शिवण पुन्हा धरली होती. पण हात पूर्वीसारखा राहिला नव्हता. बोटं थरथरायची, सुईत दोरा ओवायला शेजारीण लागायची. मामांनी ठोक्याचा जुना रेकॉर्डप्लेअर कपाटावरून उतरवला, धूळ पुसली. दुसरी बाजू लावली आणि सुई सहाव्या गाण्यावर टेकवली.

"ह्यात आहे तो?" ताईने विचारलं.

"सहा नंबरच्या गाण्यात. ऐक."

ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिचा पाय नकळत मशीनच्या पायट्यावर गेला होता. मग सगळं थांबलं, खोली गप्प झाली.

"हं."

ताईची मान झटकन दाराकडे वळली. हाक मारली की तो ज्या दारातून यायचा त्या दाराकडे. दारात कोणी नव्हतं. गाणं सुरू झालं होतं आणि खूप लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा ड्रम वाजत होता. ताई ते शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग भावाकडे वळून तिने विचारलं,

"एवढ्या लांब का बसवला होता रे त्याला?"

मामांकडे याचं सरळ उत्तर होतं. लांब नव्हता, आठ फुटांवर होता. दुसऱ्याच्या मायकात शिरलेला आवाज असाच येतो. धंद्यातलं, खरं, कोणालाही पटेल असं उत्तर. मामींनी त्यांच्याकडे बघितलं.

"लांब नव्हता ताई," मामा म्हणाले. "मी केला."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांचा प्रश्न, स्टॉपवॉच, तक्ता. झांजांचे स्टँड मिटताना त्याने विचारलेलं, आणि आपण दिलेलं उत्तर. लाल बटण. एक्केचाळीस मिनिटं. मध्ये रेकॉर्ड संपली आणि सुई शेवटच्या रेघेत खरखरत फिरत राहिली. ती उचलायला कोणी उठलं नाही.

ताई रडली नाही. तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"तो अर्धा ठोका आधी यायचा म्हणून तू त्याला काढलास," ती म्हणाली. "आणि तू हे सांगायला दहा महिने उशिरा आलास."

मामांनी मान खाली घातली. उठून जावं की थांबावं, हेही त्यांना कळेना. मामी पदराने डोळे पुसत होत्या.

"परत लाव," ताई म्हणाली. "सुरुवातीपासून नको. त्याच्यापासून."

रेकॉर्डवर बरोबर जागी सुई ठेवणं हे सोपं काम नाही. रेघा केसाएवढ्या, एक चुकली तर कडवंच निघून जातं. मामांनी चष्मा पुसला, वाकले, आणि शांततेच्या जरा आधी सुई टेकवली. चौतीस वर्षांचा हात होता. एक ओळ, मग शांतता, मग तो.

आता दर मंगळवारी दुपारी मामा तिथे जातात. ताईच्या थरथरत्या हाताने ती रेघ सापडत नाही, आणि दुसऱ्या कोणाला ती हात लावू देत नाही. ती त्यांच्याशी फार बोलत नाही. या म्हणत नाही, बस म्हणत नाही. मशीन थांबवते आणि म्हणते, "लाव." मामा लावतात. गाणं संपेपर्यंत दोघं दाराकडे बघत बसतात.